माळ किती वेळ ओढावी, आणि कधी खाली ठेवावी

नामस्मरणाने मन शांत होतं का, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. "होतंच, फक्त श्रद्धा हवी" हे एक. "श्रद्धा असेल त्याला होत असेल, बाकी काही नाही" हे दुसरं. दोघांचंही लक्ष श्रद्धा किती आहे यावरच. मानसिक आरोग्याच्या कामात मात्र वेगळं चित्र दिसतं. श्रद्धा सारखी, मंत्र तोच, माळही तीच तुळशीची. एकीला त्या पंधरा-वीस मिनिटांनी दिवसभराचं बळ मिळतं आणि दुसरी त्याच माळेत दोन-दोन तास अडकून रडकुंडीला येते. फरक असतो तो जप कसा केला जातो, चुकलं तर काय होईल अशी समजूत आहे आणि ज्याचं नाव घेतोय त्या देवाशी नातं कसलं आहे, यात. या तिन्ही गोष्टी बदलता येतात, म्हणून त्यांवर सविस्तर बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अध्यात्म म्हटलं की ध्यान, विपश्यना, वारी, सत्संग, पारायण सगळंच आलं. इथे मुख्यतः जपाबद्दल लिहितोय. घरोघरी चालणारी ही साधना, पण ती नीट शिकवली मात्र फारशी जात नाही. मंत्र सांगितला जातो, माळ हातात दिली जाते आणि पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

हात, श्वास आणि वेळ

माळेत १०८ मणी आणि वर एक मेरुमणी. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत निघायचं. नियम जुने आहेत आणि अस्वस्थ माणसाच्या फार कामाचे आहेत. तर्जनी बाजूला ठेवायची तर थोडं लक्ष हाताकडे राहतं. मेरुमणी बोटाला लागला की डोळे न उघडता कळतं, फेरी पूर्ण झाली. मोजणी डोक्यातून निघून बोटांवर जाते. ज्याच्या डोक्यात आधीच "हे राहिलं, ते राहिलं" चालू आहे, त्याला "किती झाले?" ही आणखी एक काळजी नको असते.

आता वेळेचं बघू. नुसतं "राम" सेकंदाला एक या गतीने म्हटलं तर माळ दोन मिनिटांच्या आत संपते. "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हणायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे माळेला सात ते नऊ मिनिटं. आणि एका श्वासाला एकच मंत्र घेतला, म्हणजे चार सेकंद नाकाने श्वास आत आणि सहा सेकंद श्वास सोडता सोडता मंत्र, तर एका मण्याला दहा सेकंद आणि माळेला अठरा मिनिटं. मनाच्या स्वास्थ्यासाठी जप करत असाल तर ही तिसरी गती धरा आणि दिवसाला एकच माळ करा.

कारण या गतीत श्वास मिनिटाला सहावर येतो. विश्रांतीत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो, घाबरलेला त्याहून जास्त. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत २३ निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेतली मेरीची लॅटिन प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे हूं" हा मंत्र म्हणायला लावला, आणि त्या वेळचा श्वास, रक्तदाब व हृदयाची गती मोजली. २००१ मध्ये "ब्रिटिश मेडिकल जर्नल"मध्ये तो अभ्यास आला. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला होता. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी एक बारीक लाट येतच असते. श्वासाची लाट तिच्याशी जुळली की रक्तदाबाचा तोल राखणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्परतेने काम करते. मेरीची प्रार्थना काय किंवा बौद्ध मंत्र काय, इथवरचं काम मंत्राच्या लांबीचं आणि लयीचं आहे. ते श्रद्धावंतालाही मिळतं आणि शंकेखोरालाही.

इथेच पहिली चूक होते. "खोल श्वास घ्या" असं सांगितलं की माणसं छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत धडधडतं. पॅनिक अटॅक येणाऱ्याला ही लक्षणं पाठ असतात. तो पाचव्या मण्याला उठतो आणि म्हणतो, "जपाने मला त्रास होतो." त्रास जपाचा नसतो, ओढलेल्या श्वासाचा असतो. श्वास हळू हवा, मोठा नको. आवाज शेजारच्या खोलीत जाणार नाही एवढाच ठेवा. चार-सहा झेपत नसेल तर तीन सेकंद आत, चार बाहेर असं सुरू करा आणि आठवडाभराने वाढवा. मांडी घालून बसणं होत नसेल तर खुर्ची चालते. पाय जमिनीला टेकलेले हवेत, पाठ टेकली तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट जपाच्या प्रकाराची. वाचिक म्हणजे मोठ्याने, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. परंपरेत मानसजप सर्वांत श्रेष्ठ, म्हणून बरेच जण थेट तिथूनच सुरुवात करतात. चिंतेने ग्रासलेल्या माणसासाठी तोच सर्वांत अवघड आहे. चिंता बहुतेक शब्दांत चालते. "असं झालं तर? तो असं म्हणाला तर?" हे सगळं आतल्या आवाजात बोललं जातं आणि त्या आतल्या आवाजाला एका वेळी फार पेलत नाही. जीभ आणि ओठ मंत्रात गुंतले की चिंतेची वाक्यं पूर्ण होत नाहीत, अर्धवट तुटतात. मानसजपात जीभ मोकळी राहते, आणि वर मंत्र, खाली चिंता असे दोन प्रवाह सुखाने चालू राहतात. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे वाचिक, मग उपांशु, आणि मन बऱ्यापैकी स्थिरावल्यावर मानस असा क्रम ठेवा. रात्री तीनला जाग आली तर उपांशु करा, पडल्या पडल्या, माळेशिवाय. माळ शोधायला दिवा लावला की उरलीसुरली झोपही गेली.

संकल्पाचं गणित

सव्वा लाख जप ४१ दिवसांत करायचा, असा संकल्प सोडलेला असतो. कागद घेऊन बसा. १,२५,००० भागिले १०८ म्हणजे ११५८ माळा. ४१ दिवसांत रोज २८. तेरा अक्षरी मंत्राची एक माळ आठ मिनिटांत होते असं धरलं तरी रोजचे पावणेचार तास. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा सांभाळणाऱ्या माणसाला हे पावणेचार तास मिळणार कुठून? एकतर मंत्र गिळत, धापा टाकत म्हटला जातो, म्हणजे श्वासाचा जो फायदा होता तोच जातो. नाहीतर पहाटे तीनला उठून झोप तोडली जाते. उदासीनता (डिप्रेशन), चिंता किंवा द्विध्रुवी विकार (कधी टोकाची उदासी, कधी उन्माद) असलेल्या माणसाची झोप सलग काही रात्री तुटली की आजार उसळतो, हे आम्ही पुनःपुन्हा बघतो.

धडधाकट माणसाने गुरूंच्या सांगण्यावरून मोठं अनुष्ठान करण्याबद्दल मला आदरच आहे. गोंदवल्याच्या परंपरेत नामाला जे स्थान आहे ते उगाच नाही. पण मनाचा आजार अंगावर असताना संख्येचा नेम घेऊ नये, वेळेचा घ्यावा. "रोज संध्याकाळी सात ते सव्वासात" हा नेम आजारी दिवसातही पाळला जातो. २८ माळांचा तिसऱ्याच दिवशी मोडतो, आणि मोडला की "देवाचं देणं राहिलं" ही टोचणी मागे लागते.

आणखी एक. जप संकटासाठी राखून ठेवला जातो आणि मग तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येते. अमेरिकेत युद्धाच्या आघाताने पीटीएसडी (आघातानंतर मनात घर करून राहणारा आजार) झालेल्या १७३ माजी सैनिकांवर जिल बोरमन आणि सहकाऱ्यांनी नामजपाचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ पद्धत केरळातून तिकडे गेलेल्या एकनाथ ईश्वरन यांनी शिकवलेली. प्रत्येकाला आठवड्याला एक तास असं आठ आठवडे शिकवलं. स्वतःला भावेल तो मंत्र निवडायचा, हालचाल जरा संथ करायची, एका वेळी एकच काम करायचं. बोलण्यावर आधारलेले दुसरे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा या गटाचा त्रास जास्त कमी झाला, झोपही जास्त सुधारली. त्या पद्धतीतली एक सूचना इथे कुणी फारशी देत नाही: मंत्र आधी निवांत वेळी रुजवायचा. झोपण्यापूर्वी, बसची वाट बघताना, दूध तापेपर्यंत, जिना चढताना. असे काही आठवडे गेले की मंत्र आणि सैल पडलेलं शरीर यांची जोडी जमते आणि छाती दडपून येते तेव्हा मंत्र हाताशी असतो. फक्त घाबरल्यावरच नाव घेत राहिलात तर उलट जोडी जमते. नाव घेतलं की भीती आठवते.

मंत्र मात्र सारखा बदलू नका. या महिन्यात एका महाराजांचा, पुढच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर आलेला, असं केलं तर कुठलाच रुजत नाही.

"पुन्हा पहिल्यापासून"

ज्या प्रकाराबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने लिहायचंय तो हा. त्रेसष्टाव्या मण्यावर मनात अचानक एक घाण शब्द येतो. किंवा शौचालय आठवतं, किंवा देवाच्या मूर्तीबद्दल काहीतरी अभद्र चित्र डोळ्यांपुढे येतं. माणूस दचकतो. हा जप बाटला. मेरुमण्यापासून पुन्हा सुरुवात. या वेळी चाळिसाव्या मण्यालाच तो शब्द येतो, कारण आता मन त्याच्यावर पाळत ठेवून बसलंय. मग हात धुणं, कानाची पाळी धरून क्षमा मागणं, आसन झटकणं, पुन्हा माळ. सकाळचे नऊ वाजतात, डबा राहतो, घरात भांडण होतं. घरातली माणसं म्हणतात, "किती देवभोळी आहे!" ती भक्ती नसते. तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळ असतो आणि त्याने देवघराचं रूप घेतलेलं असतं.

ओळखायचं कसं? जप संपल्यावर काय उरतं ते बघा. नेहमीच्या जपानंतर समाधान उरतं, अगदीच नाही तर "झालं एकदाचं" एवढं तरी. या आजारात शंका उरते: नीट झालं का, एखादा मणी सुटला का, मी मुद्दाम तर तसा विचार आणला नाही ना. या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासापेक्षा जास्त वेळ जात असेल, त्यामुळे कामं अडत असतील, घरच्यांना किंवा गुरुजींना "झालं ना बरोबर?" असं परत परत विचारलं जात असेल, किंवा विचारांच्या भीतीने देवळात जाणंच बंद झालं असेल, तर निदान करून घ्यायला हवं. पाळीच्या दिवसांत हा त्रास कित्येक जणींना दुपटीने होतो, कारण घरातले विटाळाचे नियम या शंकेला आयतंच खाद्य पुरवतात.

असे नकोसे विचार कुणाच्याही मनात येतात. आजार नसलेला माणूस "कसला मेला विचार" म्हणून पुढे जातो. मंत्रचळ असलेल्याला वाटतं, हा विचार आला म्हणजे मी तसाच आहे, आता काही वाईट घडेल आणि ते मीच थांबवायचंय. म्हणून तो पुन्हा जप करतो आणि भीती पाच मिनिटं उतरते. ती उतरते म्हणूनच मेंदू शिकतो की पुन्हा जप केला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त आणि माळाही जास्त.

उपचारात हीच साखळी तोडली जाते. पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात आणि ती शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबरच करायची असते. तरी तिचं स्वरूप माहीत असलेलं बरं. आधी अठरा मिनिटांचा गजर लावून एकच माळ. गजर झाला की ज्या मण्यावर असाल तिथून उठायचं. "मणी सुटला का?" असं वाटलं तर मागे जायचं नाही, "सुटलाही असेल" म्हणून पुढचा मणी ओढायचा. हे जमल्यावर मुद्दाम एक मणी सोडायचा. अस्वस्थता शून्य ते शंभरात किती आहे ते लिहायचं, आणि हात न धुता, क्षमा न मागता, भरपाईची माळ न करता तसंच बसायचं, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो, कधी पाऊण तासही. रोज केलं की तो वेळ कमी होत जातो.

बिघडतं कुठे, तर तीन ठिकाणी. हात धुणं थांबतं, पण मनातल्या मनात "देवा माफ कर" चालू राहतं. तीही भरपाईच आहे, तीही थांबवावी लागते. दुसरं, आई किंवा नवरा दया येऊन हळूच सांगतो, "झालं गं, बरोबर झालं." घरच्यांशी आधीच ठरवून घ्यावं की उत्तर एकच मिळेल: "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय." तिसरी चूक उपचार करणाऱ्याची. मूर्तीचा अपमान करायला लावण्याची काही गरज नसते. गावातला साधा, श्रद्धावान माणूस जेवढी ढिलाई सहज करतो, तेवढीच रुग्णाला करता यावी, ही मर्यादा पुरेशी आहे. एखाद्या समंजस कीर्तनकारांना किंवा गुरुजींना एकदा भेटून "विचार आल्याने जप बाटत नाही" हे ऐकणं उपयोगाचं असतं. दर आठवड्याला तेच विचारायला जाणं म्हणजे पुन्हा तोच आजार.

औषधंही लागतात. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवॉक्सामिन अशी औषधं या आजारात उदासीनतेपेक्षा बहुधा जास्त मात्रेत द्यावी लागतात आणि नीट परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ.

देवावर रागावता येतं का?

मानसशास्त्रज्ञ केनेथ परगामेंट यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्नच्या पुढच्या ५९६ रुग्णांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं पाठपुरावा केला. आजारात देवाचा आधार वाटणं वेगळं आणि देवाशी झगडा चालू असणं वेगळं. "देवाने मला टाकलं", "देवाचं माझ्यावर प्रेम आहे का", "हे सैतानाने केलं" असं ज्यांच्या मनात होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, तब्येतीतला फरक हिशोबात धरूनही. झगडा तात्पुरता असला तर माणूस त्यातून पुढे जातो. तो कायमचा ठाण मांडून बसला की नुकसान करतो, हे पुढच्या पाहणीत दिसलं.

आपल्याकडे सैतान क्वचितच ऐकू येतो. ऐकू येतं ते असं: "कुलदेवीचं काहीतरी राहिलंय." "मागच्या जन्मीचं फेडतोय." "पितरांचा दोष आहे म्हणतात." कोणी आजारी माणूस असं बोलला तर त्याची टर उडवू नका आणि लगेच शांत करायला पूजाही सांगू नका. एवढंच विचारा, "मग देव तुझ्याकडे कसा बघतोय असं वाटतं?" उत्तर "कडक मास्तरासारखा" असं आलं तर जपाच्या माळा वाढवून काही साधणार नाही, कारण प्रत्येक माळ ही शिक्षा भोगणं होऊन बसते.

वारकरी संतांनी इथे मोठी वाट मोकळी करून ठेवली आहे. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडतात, त्याला जाब विचारतात, टाकून बोलतात आणि तरी त्याचेच राहतात. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांची तक्रार विठ्ठलापर्यंत जाते, ती आतल्या आत कुजत नाही. रोजच्या जपानंतर पाच मिनिटं देवाला मोठ्याने, आपल्या नेहमीच्या भाषेत, जे वाटतं ते बोलून टाका. राग असेल तर राग. गप्प राहून स्वतःला दोषी धरत बसणाऱ्यांना याने मोकळं वाटतं.

जप पुरत नाही तेव्हा

"पूर्वी जपात मन लागायचं, आता अजिबात लागत नाही, माझी श्रद्धाच आटली." हे वाक्य ऐकलं की मी आधी झोप, भूक आणि सकाळी उठतानाचा मूड विचारतो. आनंद देणाऱ्या गोष्टींतून रस जाणं आणि एकाग्रता तुटणं ही उदासीनतेची मुख्य लक्षणं आहेत. ज्याचा आनंद नामात होता त्याचा नामातून रस जाणार, जसा दुसऱ्याचा क्रिकेटमधून जातो. दोन आठवडे हे रोज चालू असेल तर उपचार घ्या. त्या काळात जप पाच मिनिटांवर आणा किंवा कुणीतरी म्हणत असलेलं नुसतं ऐका.

उलट टोकही बघा. एरवी शांत असलेला माणूस अचानक रात्री दोन-तीन तासच झोपतो तरी थकत नाही, एका दमात बोलत सुटतो, मोठी रक्कम दान करून टाकतो, देव आपल्याशी बोलतोय आणि आपल्याला काही खास कार्य नेमून दिलंय म्हणतो. घरच्यांना कधीकधी आधी कौतुक वाटतं. ही उन्मादाची सुरुवात असू शकते. चार-पाच दिवस असं दिसलं तर वाट बघू नका. माळ, पोथी, उपवास, जागरण सगळं बाजूला ठेवून दिवे लवकर मालवा, पैसे आणि गाडीची किल्ली जपून ठेवा, दोन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आवाज ऐकू येणं, कुणीतरी करणी केल्याची पक्की खात्री, यांनाही हेच लागू. माळ खाली ठेवायची ती इथे, बरं वाटेपर्यंत.

द्विध्रुवी विकारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी उपवासाबाबत फार जपायचं. पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. ती साधारणतः ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात, दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. म्हणून निर्जळी एकादशी नको, चातुर्मासात मीठ सोडण्याचा नेम नको. हात जास्त थरथरणं, उलटी, जुलाब, चालताना तोल जाणं, बोलणं जड होणं यांतलं काही दिसलं तर तडक रुग्णालयात. वारीला जाणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालताना पाय दुखतात आणि वाटेत कुणीतरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देतो. या गोळ्यांनीही लिथियम चढतं. पॅरासिटामॉल घ्या, पाणी पीत राहा, आणि वारीला निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पातळी तपासून घ्या. औषधांचा पूर्ण साठा दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि चिठ्ठीची प्रत दिंडीतल्या सोबत्याकडे द्या.

एकट्याने घरात जप करून एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे माणसं. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांच्या पाहणीत आठवड्यातून किमान एकदा प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपट कमी दिसलं. अशा पाहणीतून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आपल्याकडे संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभं राहणं, टाळ धरणं, चाल उचलणं यात श्वास लांबतो, पाय हलतात आणि चार दिवस गेला नाहीत तर कुणीतरी घरी चौकशीला येतं. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर एकट्या पडलेल्या माणसाला मी आधी भजनी मंडळ सुचवतो, माळ नंतर.

आजार बाहेरच्या बाधेचा आहे म्हणून मांत्रिकाकडे नेणारी घरं आजही आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, ते अशाच एका श्रद्धास्थानाच्या आसऱ्याला आणलेले होते. याच देशात दुसरं उदाहरणही आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात "दवा आणि दुआ" म्हणून काम चालतं. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, दुआ करतात आणि तेच माणसाला मानसोपचाराकडेही पाठवतात. रुग्णाला दोन्हींतून एक निवडायला लावलं नाही की गोळ्या घेतल्या जातात.

डॉक्टरकडे पहिल्यांदा जाल तेव्हा साधनेबद्दल स्वतःहून सांगा: रोज किती वेळ जप, कुठले उपवास, पाणी पिता की नाही, पहाटे किती वाजता उठता, कुठला संकल्प चालू आहे, अंगारा किंवा काढा घेताय का. गोळीची वेळ आणि पूजेची वेळ त्यावरून जुळवता येते. डॉक्टर हे ऐकून हसले किंवा "हे सगळं सोडा" एवढंच म्हणाले, तर दुसरे शोधा. लगेच कुणी भेटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर जप संपायची वाट बघू नका, फोन आधी करा.